परत परत येणारे डिप्रेशन : गोळी, ध्यान आणि आपली माणसे

“एकदा बरा झाला होता ना, मग आता परत कसं काय?” कळवण तालुक्यात घरोघरी जाताना हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त ऐकू येतो. विचारणारी कधी आई असते, कधी थोरला भाऊ, कधी विहारातले ज्येष्ठ उपासक. प्रश्नात काळजी असते आणि थोडा आरोपही असतो. पेशंट मान खाली घालून बसलेला असतो, कारण तोही स्वतःला हेच विचारत असतो. दोन वर्षांपूर्वी गोळ्या घेतल्या, बरे वाटले, कामाला लागलो, आणि आता पुन्हा पहाटे तीनला जाग येते, आंघोळ नको वाटते, मोबाइल वाजला तरी छातीत धस्स होते.

आपल्या तरुणांमध्ये डिप्रेशनबद्दल बोलणे आता सुरू झाले आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते बोलणे बहुतेक वेळा ‘लाज न बाळगता डॉक्टरकडे जा’ इथे येऊन थांबते. बरे झाल्यावर पुढे काय, आणि आजार परत आला तर काय, हे फारसे कोणी सांगत नाही. आमच्या अनुभवात माणसे अडकतात ती नेमकी तिथे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. परीक्षेत नापास झाल्यावर आठवडाभर जेवण न जाणे, घरात मृत्यू झाल्यावर रडू येत राहणे, कांद्याचा भाव पडला म्हणून झोप उडणे, एवढ्यावरून कोणाला आजारी म्हणता येत नाही. डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात त्यात किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज मन खिन्न असते किंवा कशातच गोडी वाटत नाही. सोबत अंगातली ताकद गेल्यासारखी होते, झोप आणि भूक बिघडते, लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत असे वाटते, मरणाचे विचार येतात. आपल्या भागात लोक ‘मन उदास आहे’ असे क्वचितच म्हणतात. अंग दुखते, डोके जड होते, पित्त वाढले, अशक्तपणा आला असे सांगतात आणि जवळच्या डॉक्टरकडे जाऊन सलाईन लावून घेतात. त्या दिवशी जरा बरे वाटते. कितीतरी जणांचे पहिले वर्ष असे सलाईनमध्येच जाते.

आजाराच्या अशा एका काळाला डॉक्टर ‘एपिसोड’ म्हणतात. एपिसोड उतरतो. उपचाराने लवकर उतरतो, आणि उपचाराविनाही पुष्कळदा काही महिन्यांनी उतरतो. भगताला, अंगाऱ्याला आणि नवसाला श्रेय मिळते ते यामुळेच. उतरल्यावर माणूस पूर्वीसारखा होतो, हसतो, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतो. पण पहिल्या एपिसोडनंतर साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात कधीतरी दुसरा येतो. दोन होऊन गेलेल्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना तिसरा येतो, आणि तीन झालेल्यांना पुढचा येण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, असा हिशेब मानसोपचाराच्या पुस्तकांत दिलेला असतो. दोन किंवा जास्त एपिसोड झाले की निदानाचे नावही बदलते : ‘रिकरंट डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’, म्हणजे पुनःपुन्हा येणारा नैराश्याचा आजार. दम्याच्या पेशंटचे उदाहरण आम्ही घरच्यांना देतो. उन्हाळ्यात तो धडधाकट दिसतो, म्हणून त्याचा दमा गेला असे आपण म्हणत नाही, आणि थंडीत पुन्हा धाप लागली म्हणून त्याला नालायकही ठरवत नाही.

घरच्यांचा दुसरा प्रश्न असतो, “पण झालं काय होतं?” पहिल्या एपिसोडच्या मागे बहुधा काहीतरी सापडते : मृत्यू, कर्ज, मोडलेले लग्न, नोकरी जाणे. पुढच्या एपिसोडना मात्र कमी कमी कारण पुरते, आणि काही जणांना तर काहीच न घडता आजार येतो. संशोधकांनी हे अनेक पेशंटमध्ये पाहिले आहे. त्यामुळे तिसऱ्या वेळी कारण शोधत बसणारे घर नकळत बायकोला, सुनेला किंवा मोबाइलला दोषी धरते आणि डॉक्टरकडे जायला दोन महिने उशीर करते.

उपचाराकडे येऊ. फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम ही नेहमी दिली जाणारी औषधे. यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. उलट मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता हे त्रास पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे पहिले पंधरा दिवस पेशंटला फक्त त्रास दिसतो, फायदा दिसत नाही. याच पंधरा दिवसांत पुष्कळ जण गोळी सोडतात. याच काळात पेशंट जास्त बेचैन झाला किंवा मरणाचे विचार वाढले, तर वाट न बघता डॉक्टरांना सांगायचे असते. लैंगिक इच्छा कमी होणे हाही एक त्रास आहे, आणि तो कोणी बोलून दाखवत नाही. गोळी गुपचूप बंद होते, बायकोला कारण कळत नाही, डॉक्टरलाही नाही. सांगितले तर मात्रा किंवा औषध बदलता येते.

या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र त्या एका दिवसात तोडल्या तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने, अंगात झिणझिण्या असे होऊ शकते, म्हणून मात्रा हळूहळू उतरवायची असते. पहिल्या एपिसोडमध्ये पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. एपिसोड परत परत आले असतील तर डॉक्टर दोन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ सांगतात. ‘बरे वाटू लागल्यानंतर’ हे शब्द आम्ही कागदावर ठळक लिहून देतो, कारण बरे वाटले हेच गोळी बंद करण्याचे सर्वांत मोठे कारण असते.

पहिल्या भेटीत डॉक्टरला दोन गोष्टी न विचारता सांगाव्यात. एक, आधी कधी उलटा प्रकार झाला होता का : झोप न घेताही प्रचंड उत्साह, उधळपट्टी, मोठमोठ्या योजना. तसे असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि त्याचे औषध वेगळे असते. दोन, दारू किती आहे. थायरॉइड आणि रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घेणेही चांगले, विशेषतः बायांच्या बाबतीत. या दोन्हींच्या बिघाडातही असाच थकवा दिसतो.

आता एका तरुणाविषयी, त्याच्या परवानगीने आणि ओळख बदलून. तो विहाराचे ग्रंथालय सांभाळतो. पहिला एपिसोड नाशिकला स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असताना आला, दुसरा वडील गेल्यावर. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी दोन वर्षे गोळी बंद करायची नाही असे बजावले होते. आठव्या महिन्यात घरात लग्नाचे बोलणे निघाले, वधू-वर परिचय मेळाव्यात नाव गेले, आणि गोळ्यांची पाकिटे कपाटाच्या मागे लपवली गेली. मुलीकडच्यांना कळले तर? त्याच सुमारास ओळखीच्या एका गृहस्थांनी सल्ला दिला, “बौद्ध माणसाला कसल्या गोळ्या लागतात? दहा दिवसांचं शिबिर कर, मुळापासून जाईल.” त्याने गोळी त्याच दिवशी थांबवली आणि शिबिराचा अर्ज घेऊन तीन आठवड्यांनी आमच्याकडे आला. अर्जात मानसिक आजाराबद्दल आणि चालू औषधांबद्दल प्रश्न होता. आमच्यातल्या एकाला त्याने हळूच विचारले, “दादा, इथं नाही लिहिलं तर चालेल का?”

त्याची झोप तोवर मोडली होती. अर्ज बाजूला ठेवून आम्ही त्याला आधी डॉक्टरकडे नेले. गोळी पुन्हा सुरू झाली, आणि निदान वर्षभर तरी शिबिराचा विचार नको असे डॉक्टरांनी सांगितले. लग्नाच्या बाबतीत त्याने ठरवले की मुलीला पहिल्याच भेटीत सांगायचे. एक स्थळ त्यामुळे गेले. दुसऱ्या मुलीने विचारले, “गोळी रोज आठवणीने घेता ना?”

‘मुळापासून जाईल’ हा सल्ला आपल्या समाजात इतका पसरला आहे की त्यावर जरा थांबले पाहिजे. आपल्या नाशिक जिल्ह्यातच इगतपुरीला धम्मगिरी आहे. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची विपश्यना शिबिरे तिथे १९७६ पासून होतात, आणि आपल्यापैकी अनेकांना त्याचा लाभ झाला आहे. या शिबिरांच्या शिस्तीच्या नियमांतच स्पष्ट म्हटले आहे की विपश्यना हा वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना ती सुचवली जात नाही. शिबिर चालवणारे सेवक असतात, डॉक्टर नसतात. दहा दिवस मौन, फोन नाही, दिवसातून जवळपास दहा तास बसणे. ज्याचे मन आधीच स्वतःला ओरबाडत आहे त्याला इतक्या शांततेत एकटे बसवणे धोक्याचे होऊ शकते. म्हणून अर्जातला तो प्रश्न तुमच्याच संरक्षणासाठी आहे. खोटे लिहून आत जाणारा ते संरक्षण स्वतःच काढून टाकतो.

मग ध्यानाचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो नीट मोजलेला आहे. झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी सजगतेच्या सरावावर आधारलेला आठ आठवड्यांचा एक कार्यक्रम खास डिप्रेशन परत येऊ नये म्हणून तयार केला. २००० साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन किंवा जास्त एपिसोड होऊन गेलेल्यांमध्ये, नेहमीचे उपचार घेणाऱ्या ६६ टक्के लोकांना वर्षभरात आजार परत आला, तर हा कार्यक्रम केलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना. फक्त दोन एपिसोड झालेल्यांमध्ये मात्र फरक दिसला नाही. पुढे २०१५ साली इंग्लंडमधल्या ४२४ पेशंटचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका गटाने गोळी चालू ठेवली, दुसऱ्याने हा कार्यक्रम करत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी कमी केली. दोन वर्षांत आजार परत येण्याचे प्रमाण अनुक्रमे ४७ आणि ४४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच.

आपल्याकडे ही आकडेवारी ‘बघा, ध्यानानेही गोळीइतकेच होते’ अशी सांगितली जाते. अटी सांगितल्या जात नाहीत. हे लोक एपिसोडमधून बाहेर आलेले होते, त्यात बुडालेले नव्हते. आठवड्यातून एकदा सुमारे दोन तास बसून ते पुन्हा आपल्या घरी, आपल्या माणसांत जात होते. शिकवणारे प्रशिक्षित होते. गोळी कमी झाली ती ठरवून, टप्प्याटप्प्याने. आणि दोन्ही गटांत जवळपास निम्म्यांना आजार परत आलाच. बरे असताना रोज सकाळी वीस मिनिटे आनापान करणाऱ्याला आम्ही कधीच अडवत नाही. एपिसोड सुरू झाल्यावर गोळी फेकून शिबिर गाठणाऱ्याला अडवतो.

विनयपिटकाच्या महावग्गातली एक हकीगत आपल्या विहारांत जास्त सांगितली जावी असे आम्हाला वाटते. जुलाबाने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता आणि सोबतचे कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. बुद्धांनी आनंदाकडून पाणी मागवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले. मग संघाला बोलावून रुग्णाची सेवा करायची जबाबदारी सांगितली. त्या आजाऱ्याला ‘ध्यान कर’ असे तिथे सांगितलेले नाही. पुढे चांगल्या रुग्णाची लक्षणे दिली आहेत. त्यांत औषध घेणे आहे, आणि आजार वाढला, कमी झाला की तसाच आहे हे सेवा करणाऱ्याला खरे सांगणे आहे. सेवा करणाऱ्याच्या लक्षणांत औषधाची व्यवस्था करता येणे, किळस न करणे आणि रुग्णाला वेळोवेळी बोलून धीर देणे आहे. ‘आपण बाबासाहेबांची लेकरं, आपण रडायचं नसतं’ असे आजारी कार्यकर्त्याला सुनावणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

चळवळीतल्या मित्रांची एक शंका मात्र रास्त आहे. रोहित वेमुला (१७ जानेवारी २०१६) आणि डॉ. पायल तडवी (२२ मे २०१९) यांच्या मृत्यूनंतर देशभर जो प्रश्न उभा राहिला तो शिक्षणसंस्थांमधल्या जातीय वागणुकीचा होता. अशा वेळी ‘डिप्रेशन’ हा शब्द पुढे करून संस्थेची जबाबदारी झटकता येते, याबद्दल आपण सावध असलेच पाहिजे. पण त्यातून काही जण असा निष्कर्ष काढतात की जातीमुळे आलेल्या त्रासावर गोळी घेणे म्हणजे शरण जाणे. हल्ल्यात पाय मोडला तर आपण ॲट्रॉसिटीचा गुन्हाही नोंदवतो आणि पायाला प्लास्टरही घालतो. प्लास्टर घातल्याने केस कमजोर होत नाही.

२९ मे २०१८ पासून लागू झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ कार्यकर्त्यांनी वाचून ठेवावा. कलम १८ नुसार सरकारी मानसोपचार हा हक्क आहे, आणि तो देताना भेदभाव करायचा नाही अशा बाबींत ‘जात’ हा शब्द नावानिशी आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला सरकारी ठिकाणी हा उपचार मोफत आहे. कलम २३ नुसार आजाराची माहिती गुप्त राहते. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करायची नसते. पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात न नेण्याचा प्रकार आम्ही अजूनही बघतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पेशंटला साखळीने बांधणे कलम ९५ ने बंद केले आहे.

हक्क कागदावर आहे, रस्ता लांब आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. उत्तर महाराष्ट्रात एकही नाही. सुदैवाने डिप्रेशनच्या बहुतेक पेशंटना मनोरुग्णालयाची गरजच नसते. कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी विचारावे की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कोणत्या दिवशी येतात आणि तिथून कोणती औषधे मिळतात. नसेल तर नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे लागत नाहीत. पण मजुरी बुडते, भाडे लागते, सोबत एक माणूस लागतो. चौथ्या फेरीला माणसे गळतात ती यामुळे. विहार समित्यांनी जयंतीच्या वर्गणीतून वर्षाला दहा-वीस फेऱ्यांचे भाडे बाजूला काढले तरी मोठे काम होईल.

बोलून करायचा उपचार गावात मिळत नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यावर गोव्यात एक वाट शोधली गेली. ‘संगाथ’ या संस्थेने मानसशास्त्राचे शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना तयार केले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र डिप्रेशनच्या पेशंटना त्यांच्याकडून सहा ते आठ भेटी दिल्या. भेटीत करायचे काय, तर पेशंटने सोडून दिलेली छोटी कामे परत सुरू करायची. आज फक्त अंगणात बसणे, उद्या दुकानापर्यंत जाणे, परवा एका मित्राला फोन. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नुसता नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के. ज्या तरुणांना ‘समाजासाठी काहीतरी करायचे आहे’ त्यांनी रीतसर प्रशिक्षण घेऊन शिकावे असे हे काम आहे. भाषणापेक्षा अवघड आहे, आणि यात फोटो निघत नाही.

ज्यांना आजार दोनदा येऊन गेला आहे त्यांनी बरे असतानाच एक कागद लिहून ठेवावा. त्यावर आपल्या खुणा असाव्यात. प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. आमच्या ओळखीत एकाचे दाढी करणे थांबते, एक ताई रविवारच्या वंदनेला येणे टाळतात, एकाची चिडचिड सुरू होते आणि तो व्हॉट्सॲप ग्रुप सोडतो. यातल्या दोन खुणा आठवडाभर दिसल्या की कोण कोणाला फोन करणार, डॉक्टरकडे कोण सोबत जाणार, हे आधीच ठरलेले असावे. एपिसोडमध्ये असलेला माणूस ‘मी ठीक आहे’ असेच म्हणतो.

मरणाचे विचार येत आहेत का, हे सरळ विचारा. विचारल्याने विचार मनात शिरतो ही भीती चुकीची आहे. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटे सोडू नका, आणि कांद्या-डाळिंबावर फवारायची औषधे त्याच दिवशी घरातून हलवून शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येते. जीव धोक्यात असेल तर १०८ ची गाडी बोलवा.

नाशिकला निघताना जुना केसपेपर, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि शक्य असेल तर घरातले एक माणूस सोबत घ्या. वणी-दिंडोरीमार्गे जाणारी सकाळची पहिली एसटी पकडा, म्हणजे ओपीडीच्या वेळेत पोहोचता. गोळ्या हातात मिळाल्यावर त्या किती दिवसांच्या आहेत ते तिथेच मोजा, आणि पुढची तारीख त्या संपायच्या चार दिवस आधीची मागून घ्या.